हेल्वीचा मॅपल

त्या वर्षी हेल्वी कोस्केलाला झाडावर चढू नकोस असं सांगायला सगळा गाव लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं. लेकीने, नॅडीनने, मिलवॉकीहून फोन करकरून सांगितलं. चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर हातात कॉफीचा कप धरून पाद्रीबुवांनी सांगितलं. हार्डवेअरच्या दुकानात ती मचाणाचा नवा पट्टा घ्यायला गेली, तर गल्ल्यावरच्या पोरीनेही विचारलं, "कोणासाठी नेताय, आजी?" "माझ्यासाठी," हेल्वी म्हणाली. त्या पोरीने पट्टा दोनदा उलटून पाहिला आणि मग पिशवीत घातला.

हेल्वीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात बाई वस्ताद. सत्तावीस वर्षं तिने आमच्या भागातल्या रस्त्यांचा बर्फ काढायचा ट्रक चालवला होता, आणि त्यातली पहिली पाच वर्षं डेपोतल्या बाप्यांचे टोमणे ऐकत ऐकतच रोज पहाटे चाकांना साखळ्या चढवल्या होत्या. ऐकायचं, मान डोलवायची, आणि आपल्याला जे करायचं तेच करायचं, ही तिची रीत. सत्तरीत ती कशाला बदलेल?

गाव अगदीच उगाच बोलत नव्हता, हेही खरं. आदल्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला त्याच दिवशी, ती मचाणावरून पडली होती. चौदा फुटांवरून. गळपट्टीचं हाड मोडलं, घोटा सुजून भोपळा झाला, आणि तशीच सरपटत ती दोन तासांनी रानातल्या आमच्या शिकारीच्या कॅम्पवर पोहोचली.

आता हंगाम संपला की मचाणाचा पट्टा सोडून घरी आणायचा, ही आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. झाड वर्षभर वाढतं, पट्टा ताणत जातो. ऊन त्याला खातं, थंडी खाते, आणि खारी तर त्याचे दोरे घरट्यासाठी उपसून नेतात. पुढून बघावं तर पट्टा धडधाकट, आणि खोडामागे नुसत्या दशा लोंबत असतात. हेल्वीला हे आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण पडण्याच्या आदल्या डिसेंबरात तिचा नवरा ओनी अंथरुणाला खिळला आणि मार्चमध्ये गेला. मचाण कुणाला आठवणार? ते तसंच झाडावर राहिलं. नोव्हेंबर आला, तिने पट्टा पुढून ओढून पाहिला, बरा वाटला, आणि चढली. अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा कॅम्पमध्ये खिळ्यावर राहिला होता, तोही आणायला मागे वळली नाही.

"गाढवपणा माझा होता," हॉस्पिटलमध्ये ती नॅडीनला म्हणाली. "वयाचा नव्हता. विशीतली पोरगी त्या पट्ट्यावर चढली असती तर तीही पडली असती."

"पण विशीतली पोरगी सहा महिने लंगडली नसती, आई!"

"लंगडले ना? झालं तर. आता नाही लंगडत."

खारींनी कुरतडलेला तो पट्टा तिने घरी आणून स्वयंपाकघरात भांडी घासायच्या जागेवर, बरोबर डोळ्यांसमोर, खिळा ठोकून लावला. रोज बघायची आणि रोज स्वतःला एक शिवी द्यायची.

मूळ भानगड होती त्या फळीची. कॅम्पच्या भिंतीवर, शेगडीच्या वर, सीडरच्या लाकडाची एक फळी आहे. तिच्यावर तापल्या सळईने कोरलंय: आपलं मचाण आपण बांधायचं. दुसऱ्याचा हात लागला की झाड गेलं. ही अक्षरं हेल्वीच्या दिराची, ओनीच्या धाकट्या भावाची, आर्वोची. साल त्र्याऐंशी. ती कोरायचं कारण एकच होतं, चौतीस वर्षांची हेल्वी.

त्या साली ती कॅम्पवर येऊन म्हणाली होती की यंदा मी रांधायला आलेली नाही, मला मचाणासाठी झाड हवंय. बाप्ये पोट धरधरून हसले. पण तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती होईना, कारण तिचा नेम साऱ्यांना माहीत होता. भावांबरोबर उंदराएवढ्या बंदुकीने ससे पाडत ती मोठी झाली होती. मग आर्वोने डोकं चालवलं. नियमच करून टाकू, म्हणाला, सगळ्यांना सारखा. त्या काळची मचाणं म्हणजे जाड फळ्यांची धुडं. ती बाई एकटी चढवणार कशी? सळई तापवली, फळी कोरली, आणि सगळे खूश होऊन कॉफी प्यायला बसले. ओनीही त्यांच्यातच होता. घरी आल्यावर म्हणाला, "नियम झालाय, हेल्वी. मला हात लावता येणार नाही." एवढं बोलून दुसऱ्या सकाळी तो मासे पकडायला निघून गेला.

आठ दिवसांनी एका मॅपलच्या झाडावर तिचं मचाण होतं. सुतारकाम करणारा वेस्ली खालून हलवून बघून गेला, आर्वो दोनदा हलवून बघून गेला. पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, सकाळी साडेआठला हेल्वीने आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडला. आर्वोने त्या दिवशी एकावर नेम चुकवला, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकलं गेलं. कात्री हेल्वीने चालवली.

तेव्हापासून तो मॅपल तिचा. बीचच्या झाडांच्या टेकाडावरून सीडरच्या दलदलीकडे उतरणारी हरणांची वाट त्याच्यापाशी अशी चिंचोळी होते की आख्ख्या रानात तसं दुसरं झाड नाही. त्याच्यावर किती जणांचा डोळा असेल, तुम्हीच समजा.

ऑक्टोबरच्या एका दुपारी आर्वो तिच्या घरी आला. बूट दारात काढले, ताटलीतला वेलदोड्याचा पाव न विचारता घेतला आणि खुर्ची ओढून बसला.

"हेल्वी, एक सांगू?"

"नको म्हटलं तर थांबणारेस का?"

"मी आणि डेलने तुझ्यासाठी एक खोका बनवलाय." डेल हा त्याचा मुलगा, पंचेचाळिशीचा. "जमिनीवर बसायचा. छप्पर आहे, खिडकी आहे, आत छोटी शेगडी राहते. खुर्चीसुद्धा ठेवलीय."

"खुर्ची."

"गादीची."

"पायावर घ्यायला शालही ठेवली असशील."

टोमणा आर्वोच्या डोक्यावरून गेला. "शाल तू आण," तो म्हणाला.

हेल्वीने कॉफीची किटली जरा जोरातच टेबलावर ठेवली. "आणि मॅपल?"

"मॅपल डेल बघेल. नियम काय सांगतो ते तुला माहीतच आहे."

"मी माझं मचाण बांधणार नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"अगं, तीस किलोचं लोखंड आहे ते! शिडीचे तीन तुकडे, वर बैठक. दुकानातल्या कागदावरच छापलंय की तीन माणसं लागतात. ओनी असता तर गोष्ट वेगळी."

"का वेगळी? ओनीने कधी हात लावला होता? तुझाच नियम ना?"

आर्वोने पाव चावला, गिळला, आणखी एक घेतला. "चौदा तारखेच्या जेवणापर्यंत बांधलंस तर झाड तुझं. नाहीतर डेलचं. मी काही दुष्टाव्याने बोलत नाही, वहिनी. खोका तुझाच आहे."

"खोक्यात माणसाला एकदाच घालतात, आर्वो. माझी वेळ अजून झालेली नाही. पाव संपव आणि चालू लाग."

तो गेल्यावर तिने ताटली घासली, पुसली, आणि परत घासली. दिराचा राग होताच. पण खरी गोष्ट तिने पाद्रीबुवांना सांगितली नव्हती, लेकीला तर नाहीच नाही: तिला भीती वाटत होती. पोटमाळ्याच्या शिडीवर दोन पायऱ्या चढली तरी तळव्यांना घाम फुटायचा. मॅपल गेला तर तो आर्वोमुळे जाणार नव्हता, या घामामुळे जाणार होता. ही गोष्ट तिला सहन होत नव्हती. खोक्यात गादीवर बसून बाकीच्यांच्या बंदुकांचे आवाज मोजायचे? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि घरात ऐकायला कुणी नव्हतं.

पानं गळून गेली त्या आठवड्यात ती रानात गेली. एकटी. सामान ओढायला मुलांची प्लास्टिकची घसरगाडी. चार खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला तिने खोडाला टेकून पॅस्टी खाल्ली, मांस-बटाट्याची, खिशात गरम ठेवलेली. गेल्या वर्षी पडलेली शिडी गवतात तशीच होती. तिच्याकडे बघून हेल्वीने एक शिवी हासडली आणि कामाला लागली.

आधी वारा पाहिला. चिमूटभर वाळलेलं शेवाळ चुरडून सोडलं. ते दलदलीच्या उलट बाजूला गेलं, म्हणजे माणसाचा वास हरणांकडे जाणार नव्हता. ठीक. त्याच शिडीचे निखळलेले तुकडे जमिनीवरच पुन्हा जोडले, बैठक वर लावली, आणि पाय घसरू नयेत म्हणून त्यांच्यापुढे दोन खुंट ठोकले. मग जुन्या ट्रकचा एक जाडजूड बोल्ट मासे पकडायच्या दोरीला बांधला आणि मॅपलच्या दुबेळक्यातून पलीकडे टाकायला सुरुवात केली. पहिला नेम हुकला. दुसरा हुकला. सातव्या वेळेला बोल्ट तिच्याच डोक्यावरून जाऊन टोपी घेऊन गेला. "अगं बाई," ती म्हणाली, "आर्वो बघत असता तर सदरा कापला असता." अकराव्या वेळेला तो बेळक्यातून पलीकडे पडला. मासेमारीच्या दोरीमागून जाड दोर ओढून घेतला, त्याचं एक टोक शिडीच्या माथ्याला, दुसरं शेजारच्या बर्चच्या बुंध्याशी बांधलेल्या विंचला.

विंच ओनीचा. हाताचा. दांडी मागेपुढे केली की तार कट्‌कट्‌ करत बोट-बोटभर आत येते. तारेची लांबी ती केवढी. दोन-तीन फूट ओढलं की दोर गाठ मारून अडकवायचा, तार सोडायची, पुन्हा पुढे लावायची. हेल्वीने हे किती वेळा केलं ते मोजलं नाही. खांद्याजवळ जिथे हाड मोडलं होतं तिथे ठणकू लागलं तेव्हा हात बदलला. शिडी इंचाइंचाने उठत गेली. एकदा ती बाजूला कलली. पण दोर ताणलेला होता, तिने खालून ढकलून सरळ केली. दुपारी अडीचला शिडीचा माथा मॅपलला टेकला.

आता चढायचं. वरचा पट्टा वर गेल्याशिवाय बांधता येत नाही, आणि बांधल्याशिवाय वर जाणं म्हणजे गेल्या वर्षीचीच गोष्ट. म्हणून तिने बेळक्यातून दुसरा दोर सोडला, त्याच्यावर सरकणारी गाठ मारली, आणि ती गाठ अंगावरच्या पट्ट्याला अडकवली. दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. तीनदा पाहिलं. नवा पट्टा गळ्यात घातला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

सहा पायऱ्या झाल्या. सातवीवर पाय जाईना. गुडघा चांगला होता, घोटा चांगला होता, आणि पाय जाईना. तळवे ओले झाले. खाली बघू नये हे माहीत असून तिने खाली बघितलं, आणि जिथे ती पडली होती तिथलं वाकलेलं गवत तिला अजून वाकलेलंच दिसलं. ती शिडीला मिठी मारून उभी राहिली. किती वेळ, तिलाही सांगता येणार नाही. रडली. मोठ्याने रडली, नाक वाहेपर्यंत. मग बाहीने नाक पुसून ओरडली, "चढ गं, सटवे! गेल्या खेपेला दोर नव्हता. यंदा दोर आहे. मग कशाला मरतेस?"

फांदीवर बसलेली एक खार शेपटी उडवत तिच्याकडे बघत होती. "आणि तू काय बघतेस, भवाने?" हेल्वी तिला म्हणाली. "यंदा पट्टा घरी नेणारेय मी. तुझ्या घरट्याला दुसरीकडून आण." एवढं बोलेपर्यंत पाय सातव्या पायरीवर होता. पुढच्या पायऱ्या तिने मोजल्याच नाहीत. वर पट्टा खोडाभोवती घातला, दांडी दाबून दाबून ताणला, उरलेलं शेपूट पट्ट्याखाली घातलं, आणि बैठकीवर बसली. तिथून टेकाड दिसत होतं, दलदल दिसत होती, मधली वाट दिसत होती. अर्धा तास ती तिथेच बसून राहिली.

तेरा तारखेला सगळे कॅम्पवर जमले आणि आर्वो तपासणीला आला. मागे डेल. आर्वोने शिडी हलवली. हलली नाही. मग त्याला बर्चच्या सालीवर तारेचा वळ दिसला.

"हे काय?"

"विंच लावला होता."

"विंच!" त्याचा चेहरा खुलला. "विंच म्हणजे यंत्र आलं, हेल्वी. हे नियमात बसतं का, ते उद्या जेवताना बघू." आणि रुबाबात शिडीला हात घालून म्हणाला, "वरचा पट्टा बघून येतो." एक पायरी चढला, दुसरी चढला, थांबला. गुडघा थरथरत होता, पँटवरून दिसण्याइतका.

"बाबा, मी जातो," डेल घाईघाईने म्हणाला आणि त्याला जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. चटकन वर जाऊन आला. "पक्कं आहे, बाबा. मी बांधतो त्याच्यापेक्षा पक्कं."

"तुला कुणी विचारलं?" आर्वो गुरगुरला.

परतताना हेल्वी मुद्दाम ओढ्याकडच्या वाटेने आली. तिथल्या हेमलॉकवर आर्वोचं मचाण. तिने मान वर करून खोडाभोवतीचा पट्टा नीट पाहिला. आर्वो पट्ट्याच्या शेपटाला उजवीकडे दोन गाठी मारतो, वर्षानुवर्षं तशाच. इथे शेपूट डावीकडून गुंडाळून आत खोचलेलं होतं. कोस्केलांच्या घराण्यात डावखुरा एकच, डेल. खाली खोडावर जुने व्रण होते, गेल्या वर्षीच्या पट्ट्याचे, त्याच्या आदल्या वर्षीचे. तेही डावीकडून.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराच्या हाताने मचाण बांधून घेणारा हा बाबा माझं झाड घ्यायला आला होता! वर गादीची खुर्ची देत होता! कॅम्पपर्यंत येताना ती इतकी मोठमोठ्याने बोलत होती की दोन तितर उडाले.

चौदा तारखेचं जेवण लवकर होतं, कारण पहाटे उठायचं असतं. जेवणानंतर रिवाज असा की वयाने मोठा आधी, आणि मग एकेकाने भिंतीवरच्या फळीला हात लावून म्हणायचं, 'माझं मी बांधलं.' ओनी गेल्यावर मोठा आर्वो. तो उठला, फळीवर हात ठेवला आणि शेगडीकडे बघत म्हणाला, "माझं मी बांधलं." डेल ताटातल्या बटाट्याचे बारीक बारीक तुकडे करत होता.

दुसरी पाळी हेल्वीची. ती उठली तोच आर्वोने हात आडवा केला. "थांब. हिने विंच वापरलाय. नियमात हात लिहिलेत. आपले हात. विंच हात नाही. वेस्ली, तू काय म्हणतोस?"

वेस्लीने दाढी खाजवली. "मी म्हणतो, कॉफी थंड होतेय."

"मी नियम मानते," हेल्वी म्हणाली. आवाज शांत होता. तिला ओळखणारा कुणीही त्या आवाजाला घाबरला असता. "विंच चालत नसेल तर नको चालू दे. मी असं म्हणते, आत्ता सगळे मिळून रानात जाऊ. कंदील आहेत. प्रत्येकाने आपापला पट्टा सोडायचा आणि सगळ्यांसमोर, आपल्या हाताने, परत बांधायचा. पहिली मी. विंच बिंच काही नको. माझ्यानंतर आर्वो."

"वेड लागलंय का?" वेस्ली म्हणाला. "उद्या हंगाम, आणि आत्ता रानभर घाण वास करून ठेवायचा?"

"नियम म्हणजे नियम. काय आर्वो, जायचं?"

डेलने काटा खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. आर्वोने हेल्वीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, पापणी न हलवता, आणि तिला सगळं कळलंय हे त्याला तिथे, त्या क्षणी कळलं. एक शब्द पुरला असता. तिने तो काढला नाही, पण नजरही हटवली नाही.

"विंच चालतो," आर्वो पुटपुटला.

"मोठ्याने बोल. वेस्लीला कमी ऐकू येतं."

"विंच चालतो म्हटलं ना!"

"मला चांगलं ऐकू येतं," वेस्ली म्हणाला.

हेल्वीने फळीवर हात ठेवला. "माझं मी बांधलं. आणि आता ऐकाच सगळे, त्र्याऐंशी सालीही विंचनेच बांधलं होतं. याच विंचने. ओनी तो पडवीत विसरून मासे पकडायला गेला होता."

"ओनी विंच विसरला?" आर्वो म्हणाला. "तो कधी खिळासुद्धा विसरायचा नाही."

"गळही घरीच विसरला होता," हेल्वी म्हणाली. "आठ दिवस रोज गेला, आणि आठही दिवस गळ दाराशी टांगलेला होता."

वेस्ली इतका हसला की त्याला ठसका लागला. हेल्वी हसली नाही. ती आपली ताटली घेऊन धुवायला गेली आणि बराच वेळ पाठमोरीच उभी राहिली.

पहाटे अंगावर केशरी जाकीट चढवून सगळे आपापल्या वाटेने गेले. हेल्वीची वाट ओढ्यावरून. हेमलॉकपाशी तिला कपाळावरचा दिवा दिसला, जागच्या जागी. आर्वो शिडीखाली उभा होता.

"तू हो पुढे," तो कुजबुजला.

"तू चढ आधी."

"मला वेळ लागतो."

"लागू दे."

त्याने कपाळावरचा दिवा वर, पट्ट्याकडे वळवला. "पट्ट्यावरून ओळखलंस?"

"डावीकडे खोचलाय."

"मग काल बोलली का नाहीस? माझं झाड गेलं असतं. फिटंफाट झाली असती."

"मला माझं झाड हवं होतं, आर्वो. तुझं काय करू?" तिने बंदूक खोडाला टेकवली आणि दोन्ही हातांनी शिडीचे खांब घट्ट धरले. "चढ."

"दुसऱ्याचा हात लागतोय," तो म्हणाला. थट्टा करत होता की काय, अंधारात कळलं नाही.

"नियम तू लिहिलास. तुला दाखवायला मी तो छत्तीस वर्षं पाळला. दाखवून झालं. चढ आता, माझी बोटं गारठलीत."

तो चढला. हळूहळू, प्रत्येक पायरीवर थांबत, आणि शिडीतून त्याची थरथर तिच्या हातांत उतरत होती. वर त्याच्या अंगावरचा पट्टा अडकल्याचा खट्‌ आवाज झाला तेव्हा तिने हात सोडले. त्याची रिकामी बंदूक दोरीला बांधून दिली, त्याने ती वर ओढून घेतली. मग ती आपल्या वाटेला लागली.

मॅपलखाली तिची शिडी धरायला कुणी नव्हतं, आणि तिला कुणी नकोच होतं. दोर अडकवला, लोंबकळून पाहिला, चढली. सातव्या पायरीवर तळव्यांना घाम आला. त्या घामासकटच ती आठवीवर गेली, आणि मग वर. बसली, पट्टा अडकवला, बंदूक ओढून घेतली, गोळ्या भरल्या. पूर्वेला नुकतं करडं होत होतं. खाली दलदलीच्या कडेला काहीतरी हललं. एक मादी, तिच्यामागे दुसरी, आणि त्यांच्यामागे, मान खाली घालून, चांगला दांडगा नर.

आता हंगामाच्या पहिल्या पहाटे आमच्या रानात माणूस शिंकसुद्धा बाहीत दाबतो. बोलण्याचा तर प्रश्नच नाही. आणि नेमक्या त्या वेळी ओढ्याकडून, हेमलॉकच्या उंचीवरून, आर्वो कोस्केला बेंबीच्या देठापासून ओरडला:

"हेल्वी! बसलीस का गं वर?"

तिन्ही हरणांनी मान वर केली. नर अजून तिच्या माऱ्यात होता. बंदूक खांद्याला लावायचाच अवकाश. हेल्वीने बंदूक मांडीवर ठेवली, तोंडाभोवती हात धरले, आणि सगळ्या रानाला, सगळ्या गावाला आणि जमलं तर मिलवॉकीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली:

"बसले!"

पांढऱ्या शेपट्या उडवत हरणं सीडरमध्ये घुसली. त्या सकाळी आमच्यापैकी कुणालाच हरीण दिसलं नाही. आणि दुपारी कॅम्पवर त्याबद्दल कुणी एक शब्दही काढला नाही.